तुम्ही विचारलंत म्हणून: लोकांची मतं आणि परीक्षकांचे मार्क एकत्र का नाही करत

गणपती गेले की मला हा प्रश्न यायला सुरुवात होते, कारण आमची छोटीशी एएमव्ही स्पर्धा कुडाळला दिवाळीच्या आधी असते. "ताई, पन्नास टक्के लोकांची मतं आणि पन्नास टक्के परीक्षकांचे मार्क असं का नाही करत, म्हणजे कुणाची तक्रारच नको." भाग घेणारी मुलं विचारतात, त्यांच्या आया विचारतात, बक्षिसाचे पैसे देणाऱ्या मोबाईलच्या दुकानवाल्या काकांनी तर तीनदा विचारून झालंय. फोनवर प्रत्येकाला अर्धवट सांगितलंय म्हणून आज एकदाच सगळं लिहिते. आम्ही केलं होतं तसं. पहिल्या वर्षी अर्धे-अर्धेच केलं होतं, आणि तेव्हा जे झालं ते मला अजून टोचतं.

ज्यांच्या घरात कुणी हे करत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एएमव्ही म्हणजे अ‍ॅनिमे म्युझिक व्हिडिओ, जपानी अ‍ॅनिमेशनमधले सीन घ्यायचे, आपल्या आवडीचं गाणं घ्यायचं आणि ते असे जोडायचे की बघणाऱ्याला वाटावं हे दोन्ही एकमेकांसाठीच बनलेत. हे इन्स्टावर सुरू झालेलं फॅड नाहीये. 1982 मधे अमेरिकेत जिम कापोस्टस नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलाने दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून अंतराळातल्या लढायांच्या एका जपानी मालिकेतले सगळ्यात मारधाडीचे सीन उचलले आणि ते बीटल्सच्या प्रेमावरच्या गाण्यावर लावले, तो पहिला एएमव्ही मानतात. दोन व्हीसीआर, म्हणजे एक सीन चुकला की कॅसेट मागे घ्या, पॉझ धरून बसा, परत रेकॉर्ड करा. आज आमच्याकडची पोरं फोनवर काईनमास्टरमधे करतात, लॅपटॉप असेल तर डाविंची रिझॉल्व्ह, ते फुकट मिळतं. पण रात्र रात्र बसणं तेच आहे.

तर परीक्षक काय बघतो आणि लोक काय बघतात. परीक्षक घरी हेडफोन लावून एकेक व्हिडिओ तीन-चारदा बघतो. कट ठेक्यावर पडलाय का, माणसाचं मास्किंग करून, म्हणजे त्याला चित्रातून कापून वेगळं काढून, मागचं चित्र बदललंय तिथे कडा फाटल्यात का, खाली सबटायटल राहिलेत का, ओठ गाण्याच्या शब्दांशी जुळलेत का, हे सगळं. हळूहळू होतं काय की जे करायला कठीण त्याला मार्क जास्त पडायला लागतात, कारण आपल्याला माहीत असतं ना किती रात्री गेल्या असतील. माझंही होतं तसं. आणि लोक हॉलमधे एकदाच बघतात, शेजारी कोण हसतंय ते ऐकत बघतात, चालू सीझनच्या गाजलेल्या मालिकेतला हिरो पहिल्या फ्रेमला दिसला की शिट्टी तिथेच पडते, व्हिडिओ कसा आहे ते अजून दिसायचंय. हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये. आपल्याकडे भजनाच्या स्पर्धेत परीक्षक ताल, सूर, वेळ, पाठांतर याचे मार्क लिहित बसतात, आणि डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या समोरासमोरच्या भजनाच्या सामन्याला, बुवांनी ओळखीची चाल धरली की अख्खं मैदान उठतं आणि निकाल लोकच घरी जाता जाता लावतात, रस्त्यावर. दोन्ही खरं आहे. कोकणातल्या माणसाला यातलं एक खोटं आहे असं कधी वाटलेलं नाही, मग एएमव्हीलाच का वाटावं?

पहिल्या वर्षी चौदा व्हिडिओ आले होते. परीक्षक तिघं, मी, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा रत्नागिरीचा एक मित्र, आणि एक ड्रॉइंगच्या बाई. आम्ही तिघांनीही आठवडाभर आधी घरी बघून मार्क दिले होते. आमच्या तिघांचा पहिला नंबर एकच होता, न बोलता, देवगडकडच्या अकरावीतल्या एका मुलीचा व्हिडिओ. तिने एक जुनं संथ मराठी भावगीत घेतलं होतं. अ‍ॅनिमेला भावगीत, मी फाईल उघडायच्या आधीच घाबरले होते. सुरुवातीला रिकामं रेल्वे स्टेशन, पाऊस, कट जवळजवळ नाहीतच, छपराच्या पन्हळीतून तीन थेंब पडतात आणि तबल्याचे तीन बोल त्या तीन थेंबांवर, मग ती मुलगी छत्री वर करते, क्षणभर सगळं थांबतं, आणि सम, म्हणजे तालाचा पहिला ठोका, येते तेव्हा छत्री उघडते. बस. एकही इफेक्ट नाही. एएमव्हीवाले याला इंटर्नल सिंक म्हणतात, म्हणजे कट ठेक्यावर मारायचा नाही, चित्राच्या आतली हालचालच ठेक्यावर आणायची, आणि त्यासाठी कितीतरी तासांच्या फुटेजमधून तो एक सीन शोधावा लागतो. मी ते छत्रीचं सात-आठ वेळा मागे घेऊन बघितलं.

हॉलमधे त्या व्हिडिओला काहीच झालं नाही. टाळ्या वाजल्या, सभ्य टाळ्या. मतांमधे ती नववी. लोकांची पहिली पसंती एका मुलाच्या फायटिंगच्या व्हिडिओला, तो चांगलाच होता, अंगावर येणारा, दर बीटला फ्लॅश. बेरीज केली, फायटिंगवाला पहिला, ती सातवी. निकाल मीच वाचला. तिच्या वडिलांनी रिक्षा थांबवून ठेवली होती, ती दोघं शेवटचं भाषण व्हायच्या आधीच निघून गेली. मी तेव्हा मित्राला म्हणाले सुद्धा की लोकांना कळत नाही.

लोकांना बरोबर कळलं होतं. खुर्च्या उचलताना आमच्या वाडीतले एक काका आले, आयुष्यभर भजनात पखवाज वाजवलाय त्यांनी, अ‍ॅनिमे म्हणजे काय ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, नातवाबरोबर आले होते. म्हणाले, "गो, त्या चेडवाच्या पिच्चरात सम मागसून पडता. ठेको बरोबर आसा, पण छत्री उघाडल्यार मगे सम." मला आधी कळेचना. मग पोटात गोळा आला. हॉलच्या अ‍ॅम्प्लिफायरला लावायची वायर ऐनवेळी मिळाली नव्हती म्हणून आम्ही मोठा ब्लूटूथ स्पीकर लावला होता, मीच हो म्हटलं होतं. ब्लूटूथवर आवाज आधी पॅक होतो, जातो, तिकडे उघडतो, यात सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. बऱ्याच फोनमधे प्लेअर चित्र तेवढंच थांबवून हे सांभाळून घेतो, आमच्या लॅपटॉपवरच्या प्लेअरने घेतलं नाही. सेकंदाला चोवीस फ्रेम धरल्या तर ती जवळपास पाच फ्रेमची चूक. तिने एक-एक फ्रेम सरकवून बसवलेली सम पाच फ्रेम उशिरा पडत होती, दर वेळी, अडीच मिनिटं.

फायटिंगच्या व्हिडिओला याचं एवढं नाही झालं कारण तिथे सतत काहीतरी चमकतच असतं, पाच फ्रेम मागे असलं तरी डोळ्याला कुठलातरी फ्लॅश सापडतोच. आणि आवाज थोडा मागून आला तर आपण एरवी चालवूनही घेतो, लहानपणापासून सवय असते. खाडीच्या पलीकडे कुणी होडीला खिळे ठोकत असेल तर हातोडा खाली आलेला आधी दिसतो आणि ठक नंतर ऐकू येतं, आवाज सेकंदाला 340 मीटर जातो म्हणून दोनशे मीटरच्या पात्राला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो, आणि कुणाला त्यात काही चुकलंय असं वाटत नाही. म्हणून तर कितीतरी एडिटर कट ठेक्याच्या एखाद-दोन फ्रेम आधी मारतात, तोच बरोबर वाटतो. पण जिथे सगळा व्हिडिओच एका समेवर उभा आहे तिथे पाच फ्रेम म्हणजे काही उरलंच नाही. म्हणजे आम्ही तिघांनी हेडफोनवर एक व्हिडिओ बघितला होता आणि हॉलमधल्या लोकांनी दुसराच, आणि आम्ही त्या दोन वेगळ्या व्हिडिओंच्या मतांची बेरीज करून निकाल लावला.

त्या रात्री मी झोपलेच नाही, वही घेऊन बसले, आणि मग दुसरी गोष्ट दिसली. समजा आवाज ठीक असता तरी ती बेरीज चुकीचीच होती. आम्ही परीक्षकांनी दिलेले मार्क 64 पासून 82 पर्यंत, सगळे परीक्षक असंच करतात, कुणाला शंभरातले दहा देऊन घरी पाठवायला जीव होत नाही. आणि लोकांची मतं, सगळ्यात जास्त ज्याला त्याला शंभर धरून बाकीच्यांची काढली होती, ती 3 पासून 100 पर्यंत. आता दोन्हीचे अर्धे करा. आमच्याकडून पहिल्यात आणि शेवटच्यात फरक पडतो नऊ मार्कांचा, लोकांकडून साडेअठ्ठेचाळीसचा. नाव अर्धे-अर्धे आणि परीक्षक घरी झोपले असते तरी निकाल साधारण तोच लागला असता. हे कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं, आकड्यांमधेच होतं.

मग म्हटलं मार्क सोडा, नुसते नंबर धरू, दोन्ही नंबरांची बेरीज ज्याची कमी तो वर. ती मुलगी आमच्यात पहिली, लोकांत नववी, दहा. फायटिंगवाला आमच्यात सहावा, लोकांत पहिला, सात. आणि एक विनोदी व्हिडिओ होता, आमच्यात तिसरा, लोकांत दुसरा, पाच. तो जिंकला! जो त्या हॉलमधे कुणाचाच पहिला नव्हता. युरोव्हिजनमधे, म्हणजे मुख्यतः युरोपातल्या देशांच्या गाण्यांच्या स्पर्धेत, 2016 ला हे अगदी मोठ्या पडद्यावर झालं. त्यांच्याकडे ज्युरी आणि फोनवरची मतं दोघांनाही नंबराप्रमाणे ठरलेले पॉइंट द्यावे लागतात, पहिल्याला 12, दुसऱ्याला 10, मग 8 पासून एकेक खाली, म्हणजे मी वर सांगितला तो मार्कांचा घोळ तिथे होत नाही. त्या वर्षी ज्युरीने पहिलं केलं ऑस्ट्रेलियाला, 320 पॉइंट. लोकांनी पहिलं केलं रशियाला, 361. आणि जिंकलं युक्रेन, 211 आणि 323 मिळून 534, दोन्हीकडे दुसरं. मोठ्या देशांच्या स्पर्धेत ते चालत असेल, एवढ्या सगळ्यांना मान्य होईल असं एक गाणं काढायचं तर तो एक रस्ता आहे. आमच्याकडे चौदा मुलं आहेत. मला सगळ्यांना चालेल असा व्हिडिओ शोधायचा नाहीये. मला त्या पोरांना कळायला हवंय की त्यांचं काम जाणकाराला कसं दिसलं आणि पहिल्यांदाच बघणाऱ्या माणसाला कसं दिसलं, आणि ही दोन उत्तरं एकात घोटली की दोन्ही जातात.

जगात इतर ठिकाणीही वेगळं ठेवतातच. अमेरिकेतल्या बऱ्याच कन्व्हेन्शनमधे, म्हणजे चाहत्यांच्या मेळाव्यांमधे, आधी निवड करणारे थोडे व्हिडिओ काढतात आणि मग हॉलमधले लोक कागदावर मत देतात, परीक्षकांचं बक्षीस त्याच्या बाजूला वेगळं असतं. अटलांटाच्या अ‍ॅनिमे वीकेंडला तर एक स्पर्धा अशी आहे जिथे भाग घेणारे एडिटरच एकमेकांचे परीक्षक असतात. आम्हाला ते करून बघायचंय, अजून मुलं तेवढी नाहीत.

तर आता आमच्याकडे बक्षिसं दोन, रक्कम सारखी. (दुकानवाल्या काकांना लोकांचं मोठं आणि परीक्षकांचं छोटं हवं होतं, त्यावर मी अजिबात हलले नाही.) परीक्षकांना व्हिडिओ आधी मिळत नाही, पहिल्यांदा सगळ्यांबरोबर हॉलमधेच बघायचा, हेडफोनवर नंतर, आणि प्रत्येक मुलाला निदान तीन ओळी लिहून द्यायच्या, नुसता आकडा नाही. एडिटरचं नाव पडद्यावर येत नाही. क्रम सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून, कारण शेवटी दाखवलेला व्हिडिओ लोकांच्या लक्षात जास्त राहतो. आणि मत एक नाही, तीन. दुसऱ्या वर्षी एक मुलगा अख्खी वाडी टेम्पोत घालून घेऊन आला होता, एकेक मत असतं तर तिथेच निकाल लागला असता, पण तीन नावं लिहिलीच पाहिजेत, कमी असतील तर चिठ्ठी बाद, म्हणजे वाडीवाले पहिलं नाव आपल्या पोराचं लिहितात आणि उरलेली दोन मनापासून. त्या दोन नावांसाठी मी ती चिठ्ठी जपून उघडते. चिठ्ठ्या शेवटचा व्हिडिओ संपल्यावरच घेतो, त्याआधी कुणी दिली तर परत हातात.

देवगडच्या मुलीला मी त्याच आठवड्यात फोन केला आणि जे झालं ते सगळं सांगितलं, स्पीकरचं, बेरजेचं, माझी चूक होती ते. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग एकदा वायरवर दाखवाल का?" बक्षिसाचं काही बोलली नाही.

पुढच्या वर्षी कार्यक्रमाची सुरुवात तिच्या व्हिडिओने केली, स्पर्धेबाहेर. वायर मी स्वतः पिशवीतून नेली होती, एक जादाची पण. दुपारी दोन वाजता रिकाम्या हॉलमधे टाळीचा एक व्हिडिओ लावून हात आणि आवाज जुळतात का ते बघितलं, पखवाजवाल्या काकांना तिसऱ्या रांगेत बसवून. संध्याकाळी लाईट बंद झाले, स्टेशन, पाऊस, तीन थेंब. छत्री उघडली तेव्हा मी पडद्याकडे बघतच नव्हते, काकांच्या हाताकडे बघत होते, मांडीवर त्यांची थाप पडली ती बरोब्बर छत्रीवर.

"हां," ते म्हणाले, "आता बसली."