एक कोटी टन आणि अठरा हजार टन

मी एका छोट्या संस्थेचे हिशेब लिहिते. ऑफिस सांगलीत विश्रामबागला, काम जत तालुक्यात पिण्याचं पाणी तपासण्याचं, पैसा जर्मनीचा. तो आधी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेत उतरतो आणि मग आमच्याकडे येतो. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० ला झालेल्या दुरुस्तीपासून ती घेणाऱ्या सगळ्यांना हाच रस्ता. प्रशासनावर वीस टक्क्यांच्या वर खर्च चालत नाही. डिसेंबर संपायच्या आत एफसी-४, म्हणजे परदेशी पैशाचा वार्षिक हिशेब, भरायचा. फंडरला तिमाही अहवाल जातो: इतके नमुने तपासले, इतक्या बायकांना शिकवलं. व्हाउचरला व्हाउचर जुळतं, ऑडिटर सही करतो. त्यातलं अक्षरही खोटं नसतं. पण पैसा नीट खर्च झाला एवढंच त्यातून कळतं. तो कामी आला का, हा प्रश्न त्या फायलीत कुठेच बसत नाही.

आमच्या घरी परदेशी मदतीचा विषय निघाला की गाडी मिलोवर, म्हणजे दुष्काळात रेशनवर मिळालेल्या त्या परदेशी लाल ज्वारीवर, येते. सासूबाई आटपाडीकडच्या. बहात्तरच्या दुष्काळात त्या खडी फोडायच्या कामावर होत्या. ‘लाल भाकरी, घशाखाली उतरायची न्हाई, पर पोट भरायचं,’ म्हणतात. अमेरिकेनं फुकट पाठवली म्हणून आपण जगलो, ही त्यांची ठाम समजूत. खरं तर पीएल ४८० या अमेरिकी कायद्याखालचं सवलतीचं धान्य घेणं भारतानं १९७१ अखेर थांबवलं होतं. बहात्तर-त्र्याहत्तरला बाहेरून धान्य आलं ते मुख्यतः दाम मोजून घेतलेलं. हे त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, ‘मग विकत घिऊन बी तसलंच आणलं व्हय?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरी मदत आली ती त्याआधी. १९५६ चा करार, मग वर्षानुवर्षं गव्हाची जहाजं. १९६६ साली तर आयात एक कोटी टनांच्या आसपास गेली. ते धान्य नसतं तर माणसं मेली असती, यात मला शंका नाही. पण देशाचं ध्येय धान्यात स्वयंपूर्ण होण्याचं होतं, आणि त्या मापानं बघितलं तर स्वस्त गहू दारात येतोय म्हणून शेतीकडे दुर्लक्ष करणं सरकारला परवडत होतं. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन एकेक महिन्याचं धान्य मोजून सोडायला लागले तेव्हा हे दुर्लक्ष किती महाग पडतं हे कळलं. त्याच १९६६ मध्ये भारतानं मेक्सिकोतून गव्हाचं बियाणं आणलं, अठरा हजार टन. पुढची हरितक्रांती त्यातूनच. तेही विकत. त्यामागच्या संशोधनात मात्र अमेरिकी फाउंडेशनांचा पैसा होता. माझ्यासारखी हिशेबनीस अहवाल लिहायला बसली असती तर एक कोटी टन वरच्या ओळीत आले असते आणि अठरा हजार तळटीपेत.

दुसरी गोष्ट आमच्याच जिल्ह्यातली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात, विसापूरकडे, काम मागेल त्याला काम हा प्रयोग केला. त्यातून रोजगार हमी योजना झाली. १९७७ चा कायदा, १९७९ पासून अंमल. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला, आणि कराइतकीच भर सरकारनं घालायची ठरली. माझ्या पगारातून आजही दोनशे रुपये कापले जातात, फेब्रुवारीत तीनशे. कुरकुर करत का होईना, आपण देतो. म्हणून ती योजना कुणा फंडरचा प्राधान्यक्रम बदलला म्हणून बंद पडली नाही.

देणारे देश ‘आरोग्यासाठी दिले’ म्हणतात तेव्हा मला हसू येतं. माझ्या भावानं मुलीची फी भरली की माझे वाचलेले पैसे फ्रिजच्या हप्त्याला जातात. त्याच्या वहीत शिक्षण, माझ्या घरात फ्रिज. सरकारांचंही असंच असतं. मदतीच्या पैशातून किती दवाखाने उभे राहिले हे मोजून भागत नाही. सरकारनं स्वतःचा दवाखान्याचा पैसा वाढवला की दुसरीकडे वळवला, हे बघावं लागतं. त्यासाठी सगळं बजेट उघडावं लागतं, आणि प्रोजेक्टच्या ऑडिटरला तेवढ्याचे पैसे कुणी देत नाही.

आफ्रिकेतल्या बोत्स्वानानं हे ओळखलं होतं. १९६६ ला स्वतंत्र झाला तेव्हा सरकारचा रोजचा खर्चही ब्रिटिश अनुदानावर चालायचा. त्यांनी अर्थ आणि नियोजन एकाच मंत्रालयात ठेवलं. राष्ट्रीय योजनेत बसेल तीच मदत घ्यायची, आणि नंतरचा चालू खर्च कोण उचलणार हे आधी विचारायचं. हिरे सापडले हेही खरंच, पण हिरे सापडलेले सगळे देश असे सावरले नाहीत. ‘मदत घेणाऱ्या देशाच्या योजनेमागून चालावी’ असं देणाऱ्या-घेणाऱ्यांनी मिळून पॅरिसच्या जाहीरनाम्यात लिहिलं ते २००५ साली.

आमचा प्रोजेक्ट मार्चमध्ये संपतोय. मी तिमाही अहवालात माझ्या मनानं एक रकाना वाढवलाय: ‘एप्रिलपासून तपासणीच्या रसायनांचा खर्च कोणाचा?’ फंडरच्या साच्यात तो बसत नाही, म्हणून शेऱ्यात टाकते. एका-दोन गावांनी पाणीपट्टीतून तरतूद करतो म्हणून कळवलंय. बाकीच्या ग्रामसेवकांना फोन लावायचे आहेत. ग्रामसभेत गावाचा वार्षिक आराखडा मंजूर होण्याआधी लावले तरच उपयोग.