कोठाराचं वय

जुन्या इमारती मोजून त्यांची नोंद करणं हे माझं काम. त्या दिवशी एक लाकडी सांगाड्याचं कोठार होतं. मालकाला त्याचं घर करायचं होतं आणि वय किती ते हवं होतं. ‘‘तसा गोठाच आहे हो,’’ तो म्हणाला.

गोठ्याच्या खुणा होत्याच. गव्हाणीची कड चाटून चाटून गुळगुळीत झालेली, भिंतीत दावं बांधायच्या कड्या. पण समोरासमोर दोन उंच दारं? गुरांना एवढी उंची कशाला?

दारांच्या मधली शेणामातीची खपली खरवडली, तर खाली जाड फळ्या लागल्या. म्हणजे छपराखालचं खळं! थंडीत इथे पेंढ्या झोडपायच्या आणि दोन्ही दारं उघडून वाऱ्यावर उफणायचं. स्कॉटलंडच्या अँड्र्यू मीकलनं १७८६च्या सुमारास मळणीयंत्र केलं आणि पुढे यंत्रं पसरली, तशी अशी खळी ओस पडली. इथल्या फळ्या कापून मुताची पन्हळ काढली होती, म्हणजे गुरं नक्की नंतर आली. तिच्यावर ट्रॅक्टरच्या तेलाचा डाग.

इथवर मी खुशीत होतो. सर्वांत जुनाट दिसणारी तुळई दाखवून मालकाला सांगूनही टाकलं, ‘‘हिच्या लाकडातली वाढीची वलयं मोजून जुन्या नमुन्यांशी जुळवली, की वर्ष कळेल.’’

मग शिडीवर चढलो. सुतार सांगाडा आधी जमिनीवर जुळवून पाहायचे आणि प्रत्येक जोडावर पटाशीनं रोमन आकडे कोरायचे. इथेही ते ओळीनं होते. त्या तुळईवर मात्र भलताच आकडा, आणि वरच्या अंगाला एक रिकामं भोक. ज्याचं कुसू, म्हणजे तासलेलं टोक, त्यात बसेल असं लाकूड आसपास कुठेच नाही. तुळई दुसऱ्याच इमारतीतून आणलेली होती! तिचं वय म्हणजे कोठाराचं वय नव्हे. शिवाय बाहेरची वलयं तासून गेलेली, त्यामुळे झाड कोणत्या वर्षी तोडलं तेही कळणार नाही.

खाली उतरून शब्द मागे घेतला. ओशाळवाणं वाटलं, पण पर्याय नव्हता. जाता जाता हेही सांगितलं, की भिंतीत शेणामुताचा क्षार मुरलाय, तो हवेतला ओलावा ओढतो. घाईनं गिलावा केलात तर फुगून पडेल. त्यानं मान डोलावली, पण लक्ष त्या तुळईकडेच.

संध्याकाळी पुन्हा वर गेलो. एका खांबाच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात झाडाची बोटभर साल टिकली होती, म्हणजे शेवटचं वलय शाबूत. खांबावरचा आकडा रांगेत बरोबर बसत होता. मी तिथे खडूनं फुली मारली.