तीन सुताची पिन

पुण्यात आयटीआयला टर्नरचं काम शिकलो ते लोखंडावर. आता शिकागोजवळच्या एका वर्कशॉपमध्ये क्यू, म्हणजे बिलियर्ड्ससारख्या पूल या खेळाच्या काठ्या, दुरुस्त करतो. इतक्या वर्षांत लेथ सुरू करायला हात धजावला नाही असा दिवस एकच, गेल्या फेब्रुवारीतला.

सकाळीच एक गृहस्थ दोन क्यू घेऊन आले. एक खास बनवून घेतलेला, हजारो डॉलरचा. दुसरा त्यांच्या आजोबांचा, ब्रन्सविक कंपनीचा टायटलिस्ट. क्लबच्या भिंतीवर ओळीने लावलेले असायचे तसा, ५७ इंची, अखंड. "हा कारखान्याचाच माल आहे, पण मधून कापून दोन भागांचा करून द्या. मला याच्यानेच खेळायचंय," ते म्हणाले.

मी दोन्ही भिंगाखाली धरले. महागड्या क्यूच्या मागच्या भागात खाचा कोरून बसवलेल्या आबनुसाच्या नक्षीच्या टोकांचा शेंडा किंचित गोल होता. सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्राचं, कटर स्वतः गोल, म्हणून खाचेचा कोपराही गोल येतो. तो टोकदार करायचा तर पुढे हातात पटाशी घ्यावी लागते. खेळात त्याने फरक पडत नाही, आणि तो क्यू करणाऱ्या कारागिराचा शाफ्ट, म्हणजे पुढचा निमुळता भाग, खरोखर देखणा होता, मेपल लाकडाच्या रेषा टिपेपासून दोन भाग जुळतात तिथपर्यंत सरळ. टायटलिस्टची चार टोकं मात्र सुईसारखी. तिथे वरून काही बसवलेलंच नव्हतं. मागचं जड, गडद लाकूड आणि पुढचा मेपल लांब पाचरींसारखे कापून, दोन हातांची बोटं गुंतवावीत तसे एकमेकांत सारून चिकटवलेले. मग बाहेरून कातलं की टोकं आपोआप उमटतात.

म्हणून "कारखान्याचाच" हा शब्द मला लागला. मी त्यांना जॉर्ज बालाबुष्काबद्दल सांगितलं. १९१२ साली रशियात जन्म, १९२४ मध्ये अमेरिकेत, मग सुतारकाम, आणि १९५९ पासून ब्रुकलिनमध्ये क्यू. आज त्याच्या क्यूंसाठी संग्राहक वाट्टेल ती किंमत मोजतात. त्यातल्या कित्येकांच्या पोटात टायटलिस्टचाच हा पाचरींचा जोड आहे. कारखान्याने केलेला जोड त्याने घेतला, आणि पुढचं सगळं स्वतःच्या हाताने केलं.

गृहस्थ गप्प झाले. मलाही आता काम अवघड वाटू लागलं.

क्यूला बाक होता. लेथच्या दोन सेंटरमध्ये धरून फिरवला तर मधोमध बाक मोजणाऱ्या डायलचा काटा मिलिमीटरभर हलत होता. लोखंड असतं तर कट घेऊन सरळ केलं असतं. पण या पाचरींचा उतार फार निरुंद. एका बाजूने अर्धा मिलिमीटर जास्त गेला तरी तिथलं टोक सेंटिमीटरभर आखूड होतं, आणि चार टोकं वरखाली झाली की जोड करणाऱ्याची मेहनत मातीत. वीतवीतभर सरकत डायल लावला, तेव्हा कळलं की जवळजवळ सगळा बाक पुढच्या अर्ध्यात आहे. जेवणाच्या सुट्टीत मी तेच माप पुन्हा दोनदा घेतलं. मग मागून २९ इंचांवर कट मारला. मागचा भाग एकटा धरला, तर काटा जेमतेम थरथरला. वरचा एक कणही काढावा लागला नाही.

भोक पाडलं, आटे पाडले, दोन भाग जोडणारी तीन सुताची, म्हणजे ३/८ इंची, पिन बसवली, इंचाला १० आटे. पुढचा जुना भाग वापरण्यासारखा नव्हता, म्हणून भिंतीवर टांगलेल्या मेपलमधला एक शाफ्ट निवडला. माझ्या मते हाताचं काम इथे कळतं. हे लाकूड आम्ही एका दमात कातत नाही. थोडं कातायचं, काही महिने टांगून ठेवायचं. आतला ताण सुटला की काही काठ्या वाकतात. त्या बाजूला काढायच्या, उरलेल्यांवर पुन्हा थोडा कट. हा शाफ्ट दीड वर्ष टांगलेला होता. त्याच्यासोबत लावलेल्या बारांपैकी चार सरळ उरले होते.

संध्याकाळी त्यांनी क्यू जोडला, बुडखा रबरी चटईवर हलकाच आपटून कान लावला. जोडात जराही खुळखुळ नव्हती. मग कापून काढलेला वाकडा भाग त्यांनी मागितला. आजोबांच्या हाताच्या तेलाने तो काळपट झाला होता, टिपेजवळ निळ्या खडूचा डाग होता. मी पुसायला फडकं उचललं तर म्हणाले, "राहू द्या." वर्तमानपत्रात गुंडाळून तो त्यांनी काखेत धरला आणि बर्फातून गाडीकडे गेले.