डॉक्टर लोणीला गेला

ठरलं होतं ते असं : चौघांनी पहाटे साडेपाचला पुलगेटला जमायचं, माऊलींच्या पालखीबरोबर सासवडपर्यंत चालायचं आणि रात्री मिळेल त्या गाडीने घरी. आळंदी-पंढरपूरच्या वाटेतला हा सगळ्यात लांब टप्पा. तीस-बत्तीस किलोमीटर, आणि शेवटी पाय भरून आल्यावर दिवे घाट. पण रजा एकच दिवसाची आणि पुण्याहून हाच सोयीचा, म्हणून आमच्यासारखी नोकरदार मंडळी आयुष्यातली पहिली वारी नेमकी इथेच करतात. पोहायला शिकायचं तर थेट विहिरीत, त्यातला प्रकार.

तयारी मात्र जोरात होती. डॉक्टरने पाठपिशवीत अख्खा दवाखानाच भरला होता. चिकटपट्ट्या, मलमं, क्रेप बँडेज, क्षारांची पाकिटं. "पायांचं माझ्यावर सोडा," तो म्हणाला. आम्ही सोडलं. मी तर आदल्याच आठवड्यात घेतलेले बूट घालून गेलो.

हडपसरच्या गाडीतळापर्यंत दोन्ही पालख्यांचा रस्ता एकच. तिथून ज्ञानोबा उजवीकडे सासवड रस्त्याला वळतात, तुकोबा सरळ सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे. हे चौथीतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण डॉक्टर एका मृदंगवाल्याचा व्हिडिओ काढता काढता त्याच्या मागोमाग गेला, आणि मृदंगवाला निघाला तुकोबांचा. आम्हाला पत्ता लागला तो फुरसुंगी मागे पडल्यावर. फोन लागेना. बंड्याने गर्दीत त्याच्या नावाने दोन-चार हाका मारल्या, कोणी ढुंकून पाहिलं नाही. मग वैतागून "ओ माऊली!" म्हणून ओरडला, तर निदान पन्नास माणसांनी वळून विचारलं, "काय माऊली?"

त्यात एकादशी. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण कोणी काढली असेल ती याच रस्त्यावर. दर शंभर पावलांवर कोणी तरी साबुदाण्याची खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू घेऊन उभं, आणि नको म्हणायची सोय नाही. "घ्या माऊली" म्हणत हातात कोंबतातच. सी.ए.ने केळ्यांचा हिशेब ठेवायला सुरुवात केली होती. सातव्या केळ्यानंतर सोडून दिला.

वडकी नाल्याच्या विसाव्याला मी बूट काढला. टाचेवर रुपयाएवढा फोड, पाण्याने टरारलेला. मलम, पट्ट्या सगळं लोणीच्या वाटेवर. मी त्या फोडाकडे आणि बंड्या माझ्याकडे बघत बसलो. शेजारी एक आजी तुळशीचं वृंदावन उतरवून पाय लांब करून बसल्या होत्या. परभणीकडच्या. पायात साध्या रबरी चपला.

"बूट नवा हाय व्हय रे बाबा?"

मी मान हलवली. त्यांनी कमरेची पिशवी सोडली. आतून तंबाखूची डबी, विठोबाचा फोटो, चार सुटी नाणी, आणि एका मोठ्या गुंडीला गुंडाळलेला पांढरा दोरा निघाला. दोऱ्यातच सुई खोचलेली. काडी ओढून सुई जाळावर धरली, पदराने पुसली, दोरा ओवला आणि माझी टाच सरळ आपल्या मांडीवर ओढली. मी "अहो आजी" म्हणेपर्यंत सुई फोडाच्या या कडेने आत जाऊन त्या कडेने बाहेर. सुई काढून घेतली, दोरा दोन्ही बाजूंना बोटभर ठेवून दाताने तोडला. दोऱ्यावरून पाणी झिरपायला लागलं. "कातडं सोलू नगं. दोरा ऱ्हाऊ दे, वाखरीपस्तोर कायबी होत न्हाई."

मी म्हटलं, मी वाखरीपर्यंत, म्हणजे पार पंढरपूरच्या अलीकडच्या मुक्कामापर्यंत, नाही येत, सासवडपर्यंतच.

"सासवडला कोण हाय तुजं?"

सोपान महाराजांची समाधी तरी सांगायला हवी होती मी. "उद्या ऑफिस आहे" असं काही तिथे तोंडातून निघेना. तेवढ्यात त्यांची दिंडी उठली. "सूनबाई, वीणा म्होरं गेला गं!" म्हणत आजींनी वृंदावन डोक्यावर घेतलं आणि भराभर निघाल्या. या वयात ही चाल. त्यांना गाठायचा प्रयत्न मी केला, पण दिंड्यांची रांग मध्ये आली.

घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या होत्या. आम्हाला कोणी जुंपलं नाही. पण एका वळणावर मागे पाहिलं तर अख्खा रस्ता भगव्या पताकांनी आणि पांढऱ्या टोप्यांनी भरून हलत होता, आणि खाली मस्तानी तलाव. पाच मिनिटं टाच दुखायची राहिली.

सासवडच्या तळावर समाजआरतीपर्यंत कसेबसे तग धरून राहिलो. चोपदाराने हातातला दंड वर केला आणि हजारो टाळ एका क्षणात थांबले. त्या शांततेत हरवल्या-सापडल्याची पुकार झाली. एक पिशवी. एक चष्मा. एक टाळ. डॉक्टरचा फोन तेव्हाच वाजला, लोणीहून. बाजूला जाऊन त्याला फोडाचं सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न, "सुई निर्जंतुक केली होती का?"

तेव्हा कुठे आठवलं. बूट घालताना आजींनी "धर जरा" म्हणून हातात दिलेली सुई मी शर्टाच्या कॉलरला खोचली होती. ती तिथेच होती.