तीन कपाटांत विभागलेला शॉ

राजारामपुरीतील एका दिवंगत प्राध्यापकांचा संग्रह त्यांच्या कुटुंबीयांनी आमच्या ग्रंथालयास दिला. देणगीची पुस्तके बहुधा वाळवीने पोखरलेली असतात आणि देणाऱ्याचा सारा जीव नावाच्या पाटीत अडकलेला असतो. ही मात्र निगुतीने जपलेली होती. त्यांत नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉचे बरेचसे लेखन होते आणि प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर चिठ्ठी डकवून प्राध्यापकांनी निळ्या शाईने फक्त लेखनाचे साल घातले होते.

त्या क्रमाने पुस्तके लावली की माणूस उलगडत जातो. १८५६ साली डब्लिनमध्ये जन्मलेला हा आयरिश तरुण १८७६ मध्ये लंडनला गेला, तो जवळजवळ तीस वर्षे मायदेशी फिरकला नाही. त्याच्या पाच कादंबऱ्या प्रकाशकांनी परत केल्या. शिक्षण झाले ते ब्रिटिश म्युझियमच्या वाचनकक्षात, आणि मृत्युपत्रात त्याने आपल्या उत्पन्नाचा एक वाटा त्या संस्थेला ठेवला, हे ग्रंथपालाने सांगायलाच हवे. १८९४ पर्यंत संगीतसमीक्षा, १८९५ ते १८९८ नाट्यपरीक्षणे आणि त्यांच्या अधेमधे, १८९२ पासून, नाटके. परीक्षणांत ज्या बेतीव नाटकांना त्याने झोडपले, त्यांना दिलेले उत्तर शेजारच्याच पुस्तकात सापडते.

पुस्तकाला विषयानुसार वर्गांक देणारी आमची ड्यूई पद्धत हे शेजारपण मानत नाही. नाटके ८२२ मध्ये, संगीतसमीक्षा ७८० मध्ये, रंगभूमीवरील लेखन ७९२ मध्ये. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या द्विबिंदू या वर्गीकरण पद्धतीत नाटककार भाषा, साहित्यप्रकार आणि जन्मवर्ष यांवरून ओळखला जातो. त्यामुळे आयरिश शॉ तेथेही इंग्रजांच्या रांगेतच बसतो. एका सहकाऱ्याने इंटरनेटवरचे तयार वर्गांक उचलून तासाभरात सगळे उरकण्याचा सल्ला दिला. हल्ली यालाच कार्यक्षमता म्हणतात.

संग्रह स्वतंत्र ठेवण्याची माझी विनंती जागेअभावी नामंजूर झाली. अखेर नियमाप्रमाणे वर्गांक घातले, चिठ्ठ्या मात्र काढू दिल्या नाहीत, आणि प्रत्येक समीक्षाग्रंथाच्या नोंदीत त्याच वर्षांतील नाटकांचे ‘हेही पाहा’ असे संलेख, म्हणजे एका नोंदीकडून दुसरीकडे नेणारे निर्देश, जोडले. ते संलेख संगणकावर आहेत. आमचा वाचक संगणकाकडे न वळता थेट कपाटाशी जातो, आणि ८२२ च्या कपाटापाशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला शॉ समीक्षकही होता, हे तिथे सांगणारे काहीच नाही. कपाटाच्या फळीवर छापील सूचना लावण्याचा प्रस्ताव मी दिला आहे. तो अद्याप समितीपुढे पडून आहे.