सुलटं पाकीट, उलटं पाकीट

जपानात लग्नाचा आहेर बहुधा रोख असतो आणि तो पाकिटात घालून द्यायचा असतो. इथवर आपल्याला नवल नाही. पाकिटावर रुपयाचं नाणं चिकटवणाऱ्यांना सम आकड्याचं वावडंही समजावून सांगायला नको. मित्र किंवा सहकारी साधारण ३०,००० येन घालतो, जवळचा नातेवाईक ५०,००० किंवा १,००,०००. पहिला आकडा विषम असला म्हणजे झालं. २०,००० चे सरळ दोन भाग पडतात, तसं जोडपंही फुटेल ही धास्ती. म्हणून हात आखडता असलेले तरुण दहा हजारांची एक आणि पाच हजारांच्या दोन, अशा तीन नोटा घालून नशिबाला चकवतात. ४०,००० आणि ९०,००० तर नकोतच. चारचा उच्चार मरणासारखा, नऊचा यातनेसारखा.

खरी गंमत पुढे आहे. मयतालाही असंच रोखीचं पाकीट न्यायचं असतं; लग्नाच्या पाकिटात जे करायचं, ते मयताच्या पाकिटात बहुतेक सगळं उलटं.

लग्नाला नोटा कोऱ्या करकरीत हव्यात, म्हणजे या दिवसासाठी मुद्दाम तयारी केली हे दिसतं. नेमकं त्याच कारणाने मयताला कोरी नोट वाईट दिसते, जणू वाटच बघत होतो! कोरीच असली तर मधोमध एक घडी पाडून घालतात. लग्नं बरीचशी शनिवार-रविवारी आणि तेव्हा बँका बंद, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी जाग येणाऱ्याची पंचाईत होते. काहीजण मग जुन्या नोटेला इस्त्री करतात. नोटेवरचा चेहरा लग्नात पाकिटाच्या पुढच्या बाजूला आणि वर, मयतात मागे आणि खाली. जुलै २०२४ मध्ये दहा हजारांच्या नव्या नोटेवर उद्योजक शिबुसावा एइइची आले. या गृहस्थांची बाहेरची प्रकरणं उकरून, ही नोट लग्नात चालेल का, असा वाद ऑनलाइन रंगला. रिवाज असेही जन्मतात. हा मात्र मनावर घेऊ नये.

सगळ्यात जास्त चुका होतात पाकिटाच्या पाठीवर. नोटा आधी आतल्या साध्या पाकिटात जातात. ते घालायला बाहेरची दोरी सरकवून काढावी लागते, जाड कागदाच्या घड्या उलगडतात, आणि परत घालताना कुठली घडी वर होती ते आठवत नाही. लग्नात खालची घडी वरच्या घडीवर येते: वर तोंड असलेल्या त्या खिशात सुख साठावं. मयतात वरची खालच्यावर, म्हणजे अश्रू ओघळून जावेत. उलगडण्याआधी फोनवर फोटो काढून ठेवला की प्रश्न मिटतो.

ती दोरी म्हणजे मिझुहिकी, कागदाला पीळ देऊन केलेली. नागानोतलं इइदा त्यासाठी प्रसिद्ध आहे. बाळाच्या जन्माला सुरगाठ, कारण असा प्रसंग पुन्हा पुन्हा यावा. लग्नाला सुरगाठ दिली तर ‘पुन्हा करा’ असा आशीर्वाद होऊन बसतो! तिथे दहा पदरांची निरगाठ. आणि इथे मात्र उलटसुलट नाही: मयतालाही निरगाठच, कारण तेही परत नको. बदलतो तो रंग. लग्नाला लाल-पांढरा किंवा सोनेरी-रुपेरी, मयताला काळा-पांढरा, ओसाका-क्योतोकडे पिवळा-पांढरा. लग्नाच्या पाकिटावर उजव्या कोपऱ्यात नोशी नावाची छोटी पुडी असते, मूळची वाळवलेल्या शिंपल्याच्या मांसाची. सामिष खूण, म्हणून मयताच्या पाकिटावर ती नाही.

पाकिटाचा थाट रकमेला शोभावा. दहा हजारांच्या आहेरावर सारस आणि कासवांची भरगच्च आरास हास्यास्पद दिसते.

नाव ब्रशपेनाने: लग्नाला दाट काळी शाई, मयताला फिकट करडी, अश्रू पडून पातळ झाल्यासारखी. दुतोंडी पेनं मिळतात, एका टोकाला काळी, दुसऱ्याला करडी. सोय खरी, पण टोपण बघून काढावं.

एवढं करून पाकीट नुसतं खिशातून काढायचं नाही. फुकुसा नावाच्या कापडात गुंडाळून न्यायचं आणि स्वागताच्या टेबलापाशी उघडायचं. लग्नाला ते उजवीकडे उघडतं, मयताला डावीकडे. लाल फक्त आनंदाला, करडं फक्त दुःखाला, जांभळं दोन्हीकडे चालतं. एकच घ्यायचं तर जांभळं घ्यावं.