पाचव्या पिंजऱ्याचं पाणी

पाचव्या पिंजऱ्यातल्या दोन उंदरांनी बाकीच्या दहांच्या दुपटीहून जास्त चरबी नव्याने तयार केली, असं एक्सेल सांगत होतं. मी एक अख्खी दुपार त्यावर विश्वास ठेवला. सरांनाही सांगून बसले. सर तर दुसऱ्या कपाचा चहा येईपर्यंत पेपरच्या शीर्षकापर्यंत पोचले होते.

आमचं काम थोडक्यात असं. अंगात साठलेली चरबी खाण्यातून आली की शरीराने साखरेपासून घरीच बनवली, हे नुसतं बघून कळत नाही. दोन्हीकडे पामिटिक आम्ल, म्हणजे चरबीतला एक मुख्य घटक, तेच. म्हणून खूण करावी लागते. आमची खूण म्हणजे ड्युटेरियम, हायड्रोजनचा जड भाऊ. उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात चार टक्के जड पाणी मिसळायचं. शरीर नवी चरबी बांधताना बरेचसे हायड्रोजन पाण्यातून उचलतं, त्यामुळे त्या दिवसांत बांधलेल्या चरबीत ही खूण उतरते. कल्पना जुनी आहे. १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये शोनहायमर आणि रिटनबर्ग यांनी खूण केलेलं तेल उंदरांना चारलं, तेव्हा त्यातलं बरंचसं जळून न जाता आधी चरबीच्या साठ्यात गेलेलं सापडलं. साठा म्हणजे कुलूप लावलेली कणगी नव्हे, रोज भरतात आणि रोज उपसतात, हे तिथून कळायला लागलं.

हे पाणी पाजायचे आमचे तीन आठवडे नेमके चवथीला संपत होते. चवथीत गोव्यात कुणी कामावर येत नाही, उंदरांना मात्र चवथ नसते. मी पाच दिवस डिचोलीला घरी. मिसळलेलं पाणी कॅनमध्ये भरून ठेवलं, पिंजऱ्यांवर इंग्रजीत चिठ्ठ्या लावल्या आणि अ‍ॅनिमल हाऊस तिथल्या मदतनीस मामांवर सोपवलं. मामा पेडण्याचे. दीड दिवसाचा गणपती पोचवून ते रोज आले. आमच्यातला एकही पीएचडीवाला आला नाही, मी धरून.

परतल्यावर अवयव काढायचा दिवस. बाहेरच्यांना वाटतं, कापाकापी हे कठीण काम. कठीण असतो तो वेग. रक्तपुरवठा थांबला तरी पेशी थांबत नाहीत, आत एन्झाइमं चरबी तोडतच राहतात. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या दोन जाड पाट्यांचा चिमटा द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवायचा आणि यकृताचा तुकडा काढल्याबरोबर त्यात दाबायचा. पापडासारखा पातळ, खणखणीत तुकडा हाती येतो. हे मला छान जमतं, सांगायला लाजत नाही. (सणानंतर पहिल्याच दिवशी द्रव नायट्रोजन मिळवणं जमत नाही. त्यासाठी खरेदी विभागाशी आठ दिवस आधीपासून भांडावं लागतं.)

मग क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलमध्ये चरबी उतरवायची, तिचे मिथाइल एस्टर करायचे आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर, २७०, २७१, २७२ हे आकडे मोजायचे. २७० म्हणजे साधं पामिटेट (ते पामिटिक आम्लच, एस्टरच्या रूपात), पुढचे एकेक ड्युटेरियम चढलेले. यात एक मेख आहे. यंत्राआधी रेणू ज्या लांब बारीक नळीतून जातात त्या कॉलममधून जड रेणू मागे राहील असं वाटतं, पण तो किंचित आधी बाहेर पडतो. म्हणजे आलेखावर उमटणाऱ्या शिखराची पुढची बाजू जड आणि मागची हलकी. अख्खं शिखर न मोजता मधलाच भाग कापून घेतला की उत्तर चुकतं. नव्या मुलांना हे मी दर वर्षी सांगते, आणि दर वर्षी कुणीतरी मधलाच भाग कापतं.

एवढी काळजी घेणारी मी फसले ती शेवटच्या रकान्याला. पामिटेटवर चढलेलं ड्युटेरियम भागिले अंगातल्या पाण्यातलं ड्युटेरियम, आणि पामिटेटमधल्या ३१ पैकी सुमारे २२ हायड्रोजन पाण्याशी जोडलेले धरायचे, असं ते गणित. ते एक्सेल आपोआप करतं आणि मी फक्त उत्तर वाचलं. साठ्यातल्या चरबीत दुपटीहून जास्त. यकृतात मात्र फरक थोडाच. दोन अवयव वेगळं वागतात म्हटल्यावर आमच्यासारख्यांची झोप उडते.

रात्री साडेदहाला मी कच्चे आकडे उघडले. त्या दोघांच्या चरबीतलं ड्युटेरियम बाकीच्यांहून जास्त नव्हतंच, किंचित कमीच होतं. घसरला होता तो भागाकारातला छेद, म्हणजे अंगातल्या पाण्याचा आकडा. बाकी सगळ्यांच्या रक्तातल्या पाण्यात ड्युटेरियम २.७ टक्क्यांच्या आसपास (पिण्यात चार असलं तरी अंगात तेवढं चढत नाही, अन्न जळताना साधं पाणीही तयार होतं). या दोघांचं १.२. म्हणजे आधी चार टक्क्यांचं पाणी प्यायले होते आणि शेवटचे काही दिवस साधं. अंगातलं पाणी बदलून गेलं, यकृतातली चरबीही बरीच बदलली, पण साठ्यातल्या चरबीवर खूण तशीच राहिली. आणि दोघं एकाच पिंजऱ्यातले, एकाच बाटलीतून पिणारे.

अवयव काढले त्या दिवशी मी प्रत्येक बाटलीतलं थोडं पाणी काढून ठेवलं होतं. सवय म्हणून. पाचव्या बाटलीतलं मोजलं तर नळाचं पाणी निघालं.

मामांना विचारलं तर त्यांनी एक क्षणही लपवालपवी केली नाही. "बाय, मीच बदललं. त्यातला एक केस पिंजारून कोपऱ्यात बसला होता. ते पाणी बरं नव्हे."

बरं नव्हे कशावरून? त्यांनी फ्रिजकडे बोट दाखवलं. जड पाण्याची मूळ बाटली तिथे ठेवायचे. एका सकाळी ती गोठून दगड झाली होती आणि शेजारचं त्यांचं प्यायचं पाणी मात्र पाणीच. "त्याच कप्प्यात, त्याच थंडीत. शिवाय उचलायला जड. आणि तुम्हीच म्हणालात हेवी वॉटर. कैग्याच्या भट्टीत घालतात तेच ना? तिकडे कूलरमध्ये घातलं होतं नि माणसांना बाधलं होतं."

जड पाणी ३.८ अंशांनाच गोठतं, आणि तो जुना फ्रिज साधारण तेवढ्यावरच चालतो. लिटरमागे ते साध्या पाण्याहून शंभरेक ग्रॅम जड भरतं. कैग्याचं अणुवीज केंद्र तर आमच्या सीमेपलीकडेच, कर्नाटकात. तिथली ती २००९ ची गोष्टही खरी आहे. पिण्याच्या कूलरमध्ये भट्टीतलं जड पाणी मिसळलं होतं आणि कामगारांच्या लघवीत ट्रिशियम सापडलं होतं. भट्टीत राहिलेल्या जड पाण्यात न्यूट्रॉनांमुळे किरणोत्सारी ट्रिशियम तयार होतं. आमचं पाणी भट्टीत कधी गेलंच नव्हतं आणि ड्युटेरियम स्वतः किरणोत्सारी नसतं. हे एवढं सांगायला दोन मिनिटं लागली असती. मामांनी महिनाभर आधी विचारलं होतं, "हे अणूचं पाणी काय?" मी हसून "काही नाही हो मामा" म्हणून पुढे गेले होते.

त्या उंदराचं वजन उतरलं होतं, ते माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात होतं. चार टक्क्यांनी तसं होत नाही. कशाने झालं ते मी पाहिलं नाही. पाहिलं ते मामांनी.

सर म्हणाले, दोघं गाळा, "तांत्रिक कारण" लिहा. एथिक्स समितीच्या अर्जात बारा उंदीर, एकेकाचा हिशेब. त्यातले दोन अशा कारणाने फुकट गेले हे दोन शब्दांत कसं मावतं कुणास ठाऊक. मी काय झालं ते लिहिलं, मामांचं नाव न घालता. सरांनी ते वाचून "एवढं कशाला" म्हटलं, पण सही केली.

परवा मामांसाठी जड पाण्याचा बर्फ केला आणि नळाच्या पाण्याच्या ग्लासात टाकला. तो तरंगला नाही, सरळ तळाला गेला. मामा बराच वेळ बघत राहिले. मी सांगितलं की अशाच अभ्यासात माणसंही हे पाणी थोडं थोडं पितात.

"मग तुम्ही घ्या बघू एक घोट."

प्रयोगशाळेत काही खायचं-प्यायचं नसतं मामा, असं मी म्हटलं.